जुन्या बुलेटचा कार्बोरेटर रोजच्या शहरी वापरासाठी कसा लावावा?

प्रश्न
माझ्याकडे 350 सीसीची, ओतीव लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट असून तिला मिककार्बचा व्हीएम-24 कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) आहे. कोथरूड ते कॅम्प असे माझे रोजचे जाणे-येणे असते. इंजिन तापल्यावर गाडी सिग्नलला बंद पडते, मूठ जराशी पिळली की क्षणभर अडखळते आणि मूठ सोडताच सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. मेकॅनिकने मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे मुख्य छिद्र) मोठा घातला, तरी फरक पडला नाही. मला वेग नको आहे; गर्दीतही गाडी न कुरकुरता चालावी, एवढीच अपेक्षा आहे.

प्रतिसाद 1
मेन जेटचा खरा अंमल मूठ पाऊण उघडल्यानंतर सुरू होतो आणि तुमच्या रस्त्यावर ती वेळ क्वचितच येत असेल, म्हणून मूळ नंबरचा जेट परत बसवावा. मूठ साधारण एक-अष्टमांश उघडेपर्यंत स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल देणारे बारीक छिद्र) आणि एअर स्क्रू (त्यात मिसळणारी हवा कमी-जास्त करणारा), पुढे पावापर्यंत स्लाइडची (मुठीने वर-खाली होणाऱ्या झडपेची) तिरकी कड आणि पाव ते पाऊण या टप्प्यात स्लाइडला जोडलेली सुई मिश्रण ठरवते. तुम्ही सांगितलेली लक्षणे मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याची दिसतात. स्लो जेट अर्धवट तुंबलेला असू शकतो, परंतु माझा पहिला संशय कार्बोरेटर इंजिनाच्या हेडला जोडणाऱ्या सांध्यावर आहे. दोन्ही नट वर्षानुवर्षे जोर लावून आवळल्याने कार्बोरेटरची फ्लँज (सांध्याची सपाट कड) वाकते, फटीतून हवा शिरते आणि कधीकधी स्लाइडही अडकते. इंजिन चालू ठेवून त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून पाहा. आयडलिंग (मूठ सोडल्यावरची इंजिनाची चाल) बदलले, तर गळती तिथेच आहे.

प्रतिसाद 2
त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आणि पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काचा) गॅप (0.35 ते 0.40 मिमी) तपासावा, कारण इग्निशनचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. मग दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून इंजिन पुरते तापवावे, एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्यावा आणि दीड फेरा बाहेर काढावा. तेथून पाव-पाव फेरा फिरवत आयडलिंग सर्वांत जास्त चढेल ती जागा शोधावी, आणि चढलेली रेस स्लाइडच्या स्क्रूने उतरवावी. हा स्क्रू हवेचा असल्याने आत घेतल्यावर मिश्रण दाट (पेट्रोल जास्त) होते. अनेक जण नेमके उलटे समजतात. योग्य जागा एक फेऱ्याच्याही आत सापडली, तर स्लो जेट एक नंबर मोठा लागेल.

प्रतिसाद 3
पेट्रोलचाही विचार करावा. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे 9 पट. त्यामुळे 20 टक्के इथेनॉल असलेल्या इंधनावर त्याच जेटचे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) पडते. एअर स्क्रू लावल्यावरही अर्ध्या मुठीला गाडी ओढत नसेल, तर सुईची क्लिप एक खाच खाली सरकवावी, म्हणजे सुई वर उचलली जाते. मात्र महाबळेश्वरला गेल्यावर तेथील विरळ हवेत हेच मिश्रण किंचित दाट वाटेल. तेवढ्यासाठी घाटात स्क्रू-ड्रायव्हर काढू नये.

प्रश्नकर्ता
फवारा मारताच इंजिन दबले. फ्लँज काचेवर ठेवून पाहिली, तर मधोमध नखाएवढी फट होती. ती बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट केली, नवी ओ-रिंग घातली आणि मूळ मेन जेट बसवला. एअर स्क्रू सव्वा फेऱ्यावर आहे. चार दिवसांत गाडी सिग्नलला एकदाही बंद पडली नाही. सुईला अद्याप हात लावलेला नाही.