जावा: मॅपमधली आयडी लाँगमध्ये कास्ट होत नाही

प्रश्न: जॅक्सन या जावा लायब्ररीने जेसन (JSON) डेटाचा मॅप (नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्या) केला. आयडी काढताना (लाँग) लावून कास्ट केलं, म्हणजे व्हॅल्यू लाँग प्रकारची मानायला सांगितलं, की क्लासकास्टएक्सेप्शन ही एरर येते. कंपाइल बिनबोभाट होतं. मोठ्या आयडीला मात्र चालतं! असं का?

उत्तर १: व्हॅल्यू ऑब्जेक्ट या सर्वसाधारण प्रकारची म्हणून येते, म्हणून कंपाइलर अडवत नाही. जॅक्सन २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचा आकडा इंटिजर करतो, त्यापुढचा लाँग. हे दोन्ही नंबर या क्लासचे उपक्लास, म्हणजे सख्खी भावंडं. एकाचं दुसऱ्यात कास्टिंग होतच नाही. असं लिहा:
((नंबर) मॅप.गेट("आयडी")).लाँगव्हॅल्यू()

उत्तर २: आयडी नल (रिकामी) आली तर उत्तर १ ची ओळ नलपॉइंटर एररने पडेल. जावा १६ पासून ‘इन्स्टन्सऑफ नंबर एन’ लिहा. प्रकाराची तपासणी आणि कास्ट एकदमच होतात.

उत्तर ३: मुळात मॅप कशाला? लाँग फील्ड असलेला क्लास द्या, कास्टिंगची गरजच उरत नाही.