रेड जॅकेट आणि लाफायेत १७८४ साली खरंच भेटले होते का?

दफ्तरी
४ जून १८२५ रोजी अमेरिकेतल्या बफेलोत, अमेरिकन क्रांतीत लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत याची सेनेका या मूळ अमेरिकन जमातीचा वक्ता रेड जॅकेट याच्याशी भेट झाली, यात वाद नाही. वाद आहे तो लाफायेतचा चिटणीस लव्हासूर याने नोंदवलेल्या संवादाचा. १७८४ च्या तहाच्या वेळी फोर्ट स्टॅनविक्सला कुऱ्हाड पुरायला, म्हणजे शांतता करायला, विरोध करणाऱ्या त्या तरुण सेनेकाचं पुढे काय झालं, असं लाफायेतने विचारलं. उत्तर आलं, तो तुमच्यासमोर उभा आहे. माझ्या मते ही बखर, अस्सल कागद नव्हे. १७८४ मध्ये लाफायेत ३ ऑक्टोबरला बोलला आणि मुख्य वाटाघाटींआधीच निघून गेला. अमेरिका आणि सेनेकांसह सहा जमाती यांच्यातला तह झाला २२ तारखेला. त्यावर रेड जॅकेटची निशाणी नाही, आणि सेनेकांकडून बोलला तो त्यांचा पुढारी कॉर्नप्लांटर.

उत्तरवाट
निशाणी नाही म्हणजे माणूसच नव्हता? प्रत्येक जमातीतर्फे मोजक्यांनीच निशाण्या केल्या. शिवाय नाव कुठलं शोधलंत? तरुणपणी रेड जॅकेटचं सेनेका नाव ओतेतियानी, सागोयेवाथा हे नंतरचं. कॉर्नप्लांटरचंच बघा: तहावर तो ‘केयेन्थोघके’ आहे, शेजारी ‘सेनेका अबील’. अबील हे त्याच्या आल्बनीच्या व्यापारी बापाचं आडनाव. ‘कॉर्नप्लांटर’ शोधाल तर त्याने स्वतः निशाणी केलेल्या तहातही तो सापडणार नाही! आधी नावांचे सगळे पर्याय लिहून काढा, कारकून कानावर पडेल तसं लिहायचे हे धरून चाला, मग नकार द्या.

दफ्तरी
हजर असेलही. पण लाफायेतने ऐकावं असं भाषण त्याने कधी केलं? तारखा जुळत नाहीत. आणि लव्हासूर १७८४ ला तिथे नव्हताच. त्याचं पुस्तक १८२९ चं. फ्रेंच मुत्सद्दी बार्बे-मार्बुआ मात्र १७८४ ला लाफायेतबरोबर होता, आधी त्याचं टिपण वाचा.

तिसरा कोन
वाचा, पण मार्बुआचा प्रवास ओनायडा या दुसऱ्या जमातीच्या गावांतून झालाय, सेनेका तिथे ओझरते येणार. लव्हासूरचं दुखणं वेगळं. रेड जॅकेटला इंग्रजी कळायचं, पण तो बोलायचा नाही. म्हणजे संवाद सेनेकातून इंग्रजीत, तिथून फ्रेंच पुस्तकात. त्यात लाफायेतच्या केसांच्या टोपावरून टाळू सोलण्याचा विनोद करायचा मोह लव्हासूरला आवरत नाही. असा माणूस नाट्यमय वाक्य सोडेल?

उत्तरवाट
वाक्य रंगवेल, प्रश्न कशाला रचेल? प्रश्न लाफायेतचा आहे, आणि तो १७८४ ला तिथे होता.

दफ्तरी
एकेचाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला आवाज कुणाचा, हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणूनच तर त्याने विचारलं. ‘तो मीच’ हे रेड जॅकेटचं म्हणणं. ऑग्डेन ही जमिनी घेणारी कंपनी सेनेकांच्या जमिनीमागे लागलेली असताना, भर गर्दीत जुन्या तहातली आपली जागा सांगायची संधी तो का सोडेल?

उत्तरवाट
हेतू होता म्हणून दावा खोटा ठरत नाही. ३ ऑक्टोबरला लाफायेतसमोर कोण कोण सेनेका बसले होते, तेवढं दाखवा.