शेडकार्डावर सारखे, भिंतीवर वेगळे: तुमचे अनुभव

आज कपाट सरकवलं तर मागे भिंतीवर रंगाचे दोन चौकोन सापडले. एक मोतिया, एक फिकट राखाडी. बाबांनी आणि मी मिळून मारलेले, बारा वर्षं झाली. शेडकार्डावर दोन्ही सारखेच वाटत होते. मला राखाडी हवा होता. बाबा एकच धरून बसले, "हा निळा आहे." मला काही दिसेना. शेवटी मोतिया दिला. बाबा आता नाहीत. तुमच्याकडे दोन छटांमधून एक निवडताना काय झालं?

---

ते चौकोन पुसू नका हो, प्लीज.

---

आम्ही दिवसा निवडला आणि रात्री फसलो. २७०० केल्विनचे (म्हणजे पिवळसर उजेडाचे) दिवे, त्यात क्रीम, भिंत चक्क पिवळी. ६५०० चे लावले तर दवाखाना. ४००० वर जमलं. रंग तोच!

---

>>हा निळा आहे
असणारच. बहुतेक राखाडींच्या पोटात निळा, हिरवा नाहीतर जांभळा दडलेला असतो. शेजारी कोरा पांढरा कागद धरा, लगेच वर येतो. त्याच पट्टीतली सगळ्यात गडद छटाही चहाडी करते. थेट ऊन नसलेल्या खोलीत तर जास्तच.

---

भिंतीवर मारूच नका. पुठ्ठ्यावर दोन हात द्या, पूर्ण सुकू द्या, मग खिडकीजवळ, कोपऱ्यात, सोफ्यामागे धरून बघा. आमची जुनी भिंत पिस्ता होती, तिच्यावर बेज गुलाबी दिसायचा. तीन दिवस अबोला.

---

मॅट भिंतीवर मुलांच्या हाताचे डाग पडलेत, कशाने जातील?

---

ओल्या मऊ फडक्याने हलकेच टिपा. घासलंत तर तेवढाच भाग चमकतो.

---

एलआरव्ही बघा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा: ० म्हणजे काळा, १०० पांढरा. माझ्या दोन छटा ७२ आणि ६०. अंधाऱ्या खोलीला ७२ दिला, आईच्या खोलीला ६०. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आई म्हणाली, "अगं, ही भिंत निळी कधी केलीस?" पिवळसर झालेलं भिंग निघालं की निळा जास्त दिसतो. चित्रकार मोनेचं १९२३ मध्ये ऑपरेशन झालं, त्यालाही रंग बदललेले दिसत होते.

---

वरचं वाचून थांबले. बाबांचंही ऑपरेशन रंगकामाच्या आधी महिनाभरच झालं होतं. आत्ता पांढरा कागद घेऊन कपाटामागे बसलेय. निळाच आहे.

---

🙏

---

टिपून बघितलं, निम्मे गेले. स्केचपेनचे तसेच आहेत.