मॅन्युअल गाडीचं ॲव्हरेज: उतारावर न्यूट्रल करावं की गिअरमध्येच ठेवावं?

कात्रजकर
१२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर. रोज कात्रज-हिंजवडी, अधूनमधून सातारा. शहरात १३, हायवेला १७ पडतंय. गिअर नेमके कुठल्या स्पीडला टाकायचे? आणि नवीन कात्रज बोगदा ते नवले पूल या उतारावर न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं का?

पाचवा गिअर
न्यूट्रल अजिबात करू नका. ती सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला, की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो. मग चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल शून्य. आरपीएम साधारण १२००-१५०० च्या खाली आला की पुरवठा परत सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तासाला ०.६ ते ०.८ लिटर जातंच.

डिस्प्लेवर तत्काळ मायलेज दिसत असेल तर बघा: ताशी ४० ला न्यूट्रलमध्ये आकडा ५०-६० च्या आसपास राहतो, गिअरमध्ये पाय उचलला की थेट शेवटच्या टोकाला जातो.

अगदी हलक्या उतारावर इंजिन ब्रेकिंगमुळे गाडी मंदावते हे खरं. तिथे पाचवा टाकून ॲक्सिलरेटरला नुसता पाय टेकवा. पण बोगद्यानंतरचा उतार लांब आहे, आणि तिथे न्यूट्रलमध्ये आलेल्या ट्रकचे ब्रेक तापून किती अपघात झालेत ते पुण्यात कुणाला सांगायला नको. चौथ्यात उतरा, वेग वाढायला लागला तर तिसरा. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून घातक, कारण दोन-तीनदा ब्रेक दाबला की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

घाटवाट
सपाट रस्त्यावर दुसरा १५-२० ला, तिसरा ३० ला, चौथा ४०-४५ ला, पाचवा ५५-६० ला. चढावर किंवा गाडी भरलेली असेल तर प्रत्येक टप्पा ५-१० ने पुढे.

लवकर वरचा गिअर टाकायचा म्हणून ३० ला चौथा टाकू नका. मग ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नाही, डॅशबोर्ड थरथरतो, बॉनेटखालून खडखड येते. ते नॉकिंग. ते थांबवायला ईसीयू इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा देतो), ताकद आणखी कमी होते आणि तुम्ही आणखी दाबता. सरळ तिसरा टाका.

खरं पेट्रोल मात्र ब्रेकवर जातं. सिग्नल लाल दिसतोय, तरी जवळ जाईपर्यंत रेस देणं आणि मग ब्रेक, हे आधी सोडा. शंभर-दीडशे मीटर आधी पाय उचला, गिअरमध्येच येऊ द्या, आरपीएम हजारापर्यंत आला की मगच क्लच. नव्वद सेकंदांच्या सिग्नलला इंजिन चालू ठेवलं तर १५-२० मिली जातं, म्हणजे बंद करणं फायद्याचंच. चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नका, हँडब्रेक लावा. क्लच प्लेटचं काम पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग पडतं.

हायवेला १७ म्हणजे बहुधा वेग जास्त आहे. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. ८०-८५ धरून बघा.

मोजूनमापून
आधी मोजणी पक्की करा. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, ऑटोकटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरा, ३००-४०० किमी चालवा, पुन्हा ऑटोकटपर्यंत भरून भागाकार करा. ऑटोकटनंतर गळ्यापर्यंत भरू नका. जास्तीचं पेट्रोल टाकीतली वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

एवढं करूनही १३ च राहिलं तर दोन गोष्टी बघा. वीसेक किलोमीटर चालवून थांबलात की चारही रिमजवळ हात न्या (टेकवू नका). एकच चाक जास्त तापलेलं असेल तर त्याच्या ब्रेकचा कॅलिपर अडकलाय. पिन साफ करून ग्रीस लावायला सांगा. आणि तापमानाचा काटा दहा-पंधरा मिनिटांनीही मध्यावर येत नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंट अडवणारी-सोडणारी झडप) उघडा अडकलाय. इंजिन थंड आहे समजून ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो.

एअर फिल्टर बदलून मोठा फरक पडेल अशी आशा ठेवू नका. तो चोंदला तर पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं नाही. आणि जुना आकडा ई१० (१० टक्के इथेनॉल) पेट्रोलवरचा असेल, तर ई२० (२० टक्के) मध्ये दर लिटरमागे ऊर्जाच साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी असते, तेवढं धरून तुलना करा.

कात्रजकर
धन्यवाद. पुढचे ४०० किमी हवा, गिअर आणि पाय उचलणं एवढंच बदलतो आणि टाकी-टू-टाकी आकडा इथे टाकतो. थर्मोस्टॅटचं लक्षात ठेवलंय. काटा खरंच उशिरा वर येतो.