रॉयल शोबँड : आजी-आजोबांना काय ऐकवू, काय विचारू? (सल्ला हवा आहे)

पाऊसपाणी

नमस्कार मंडळी. मी आयर्लंडमध्ये वॉटरफर्डला वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नर्स आहे. पुढच्या महिन्यात तिथल्या आजी-आजोबांसाठी एक दुपार गाण्यांची करायचं ठरलंय आणि ते काम मी मागून घेतलं. बहुतेक जण ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी काय ऐकायचात असं विचारलं की निम्मे लोक एकच नाव घेतात, रॉयल. म्हणजे याच गावात १९५७ साली उभा राहिलेला रॉयल शोबँड, नाचाच्या हॉलांत वाजवणारा बँड. एक आजी एरवी कुणाशी बोलत नाहीत. परवा जेवणघरातल्या रेडिओवर 'द हकलबक' लागलं आणि टेबलाखाली त्यांचे पाय सुरू झाले. चमचा हातात तसाच, आणि खाली टाच-चवडा, टाच-चवडा, अगदी ठेक्यात.

तेव्हा सांगा :
कोणती गाणी आणि कुठल्या क्रमाने लावू? मधे त्यांना काय विचारलं तर ती बोलती होतील? आणि एवढा मोठा बँड संपला कसा, हे मला स्वतःला समजून घ्यायचंय. पार्श्वभूमी माहीत नसताना समोर उभं राहायला नको वाटतं.

तिठा

उत्तम काम हाती घेतलंयत. मी डब्लिनला असतो आणि इथल्या जुन्या डान्सहॉलांचा मला नाद आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिला सल्ला : गाण्यांच्या यादीपासून सुरुवात करू नका, हॉलपासून करा. 'रॉयलचं कुठलं गाणं आवडायचं?' यापेक्षा 'नाचायला कुठल्या हॉलला जायचात? कसं जायचात? कुणाबरोबर?' असं विचारा. सायकलवरून गेल्याच्या, एकाच गाडीत आठ जण कोंबून गेल्याच्या गोष्टी आपोआप निघतील.

आधी इथले डान्स बँड खुर्च्यांवर बसून, समोर नोटेशनचे स्टँड ठेवून वाजवायचे. स्ट्रबेनच्या क्लिपर कार्लटन या बँडने १९५०च्या दशकात ते स्टँड बाजूला सारले आणि उभं राहून, हलत-डुलत, नकला करत वाजवायला सुरुवात केली. शोबँड म्हणतात तो इथून. रॉयलने तो प्रकार टोकाला नेला. सात जण होते : ब्रेंडन बॉयर, टॉम डन्फी, जिम कॉनलन, मायकेल कॉपिंजर, गेरी कलन, एडी सलिवन आणि चार्ली मॅथ्यूज. बॉयर मुळात ट्रॉम्बोन वाजवायला आलेला. पण तो एल्विसची गाणी म्हणत स्टेजभर उड्या मारायला लागला की पोरी स्टेजला येऊन भिडायच्या. डन्फी बास वाजवायचा आणि कंट्रीची गाणी म्हणायचा. शहरातल्यांना बॉयर आणि गावाकडच्यांना डन्फी, असं दोन्हीकडचं गिऱ्हाईक एकाच बँडने धरून ठेवलं होतं. व्यवस्थापक टी. जे. बर्न हा माणूसही तितकाच महत्त्वाचा. बँड कसा खपवायचा हे त्याला नेमकं कळत होतं.

आता पैशाचं गणित, कारण चढ आणि उतार दोन्ही त्यातच आहेत. त्या काळात गावोगाव, कधी कधी तर गावाबाहेर माळावर, मोठमोठे हॉल बांधले गेले. अल्बर्ट रेनल्ड्स, जे १९९२ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, त्यांनी भावाबरोबर असे हॉल बांधूनच बस्तान बसवलं. नावं बघा : क्लाउडलँड, ड्रीमलँड, फेअरीलँड. आत दारू मिळत नसे. चहा, लेमोनेड, संत्र्याचं पेय, बस्स. त्या काउंटरला 'मिनरल बार' म्हणत. हा शब्द आजोबांसमोर टाकून बघा! दारावर जमलेला गल्ला हॉलवाला आणि बँड वाटून घ्यायचे. त्यामुळे गर्दी खेचणारा बँड रात्रीत भरपूर कमवायचा. सगळ्या देशात मिळून असे शेकडो बँड रस्त्यावर होते. ईस्टरआधी लेंटचे चाळीस दिवस हॉल बंद, कारण चर्चचा दंडक. मग हेच बँड इंग्लंड-अमेरिकेतल्या आयरिश लोकांसमोर वाजवायला जायचे.

एप्रिल १९६२मध्ये लिव्हरपूलच्या पॅव्हिलियन थिएटरमध्ये मुख्य कार्यक्रम रॉयलचा होता आणि त्यांच्याआधी वाजवायला होते बीटल्स. वॉटरफर्डचा माणूस हे सांगितल्याशिवाय राहणार नाही. पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवून ऐका.

सावनी_के

मी गाण्यांपुरतं सांगते.

'कम डाउन द माउंटन केटी डेली' पाहिजेच. १९६२ची ही रेकॉर्ड, टॉम डन्फीच्या आवाजात. आयरिश शोबँडने काढलेली पहिली सिंगल ती हीच. 'किस मी क्विक' १९६३चं. मूळ एल्विसचं, पण बॉयरच्या आवाजात आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. 'द हकलबक' १९६५च्या सुरुवातीला पहिलं आलं. मूळ चाल अमेरिकेतली, १९४०च्या दशकातली, पण इथे ती रॉयलचीच.

रॉयलवरच थांबू नका. सगळे आजी-आजोबा वॉटरफर्डचेच असतील असं नाही. कुणी मोनाहनकडचं असेल तर बिग टॉमचं 'जेंटल मदर' लावा. मलिंगरकडचं असेल तर जो डोलनचं 'मेक मी ॲन आयलंड'. डब्लिनच्यांसाठी मायामी शोबँडचा डिकी रॉक. तो १९६६ला युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत 'कम बॅक टू स्टे' घेऊन गेला होता. आधी नर्सिंग होममध्ये प्रत्येकाचं मूळ गाव विचारून ठेवा, मग यादी करा.

गजर

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. रॉयलची ख्याती खरी, पण ही सगळी मंडळी दुसऱ्यांची गाणी वाजवणारी होती. रेडिओ लक्झेंबर्गवर नवीन गाणं लागलं की टेपवर घ्यायचं, बसवायचं आणि त्याच आठवड्यात स्टेजवर. आपल्याकडे यात्रेत, गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा तसंच. स्वतःचं असं फार थोडं. ते मागे का पडले याचं मोठं कारण मला हेच दिसतं. बीटल्ससारखे बीट ग्रुप आले, पोरं स्वतः गाणी लिहायला लागली, आणि सूटबुटातले सात जण एकदम जुनाट दिसायला लागले.

तिठा

गजर, तुमचं निम्मं पटतं. पण तेव्हाचा खेड्यातला आयर्लंड डोळ्यांपुढे आणा. घरात रेकॉर्ड प्लेअर नाही. इथलं टीव्ही केंद्र सुरू झालं ते १९६१च्या ३१ डिसेंबरला. एल्विस काही लीट्रिमसारख्या आडभागात येणार नव्हता. अशा ठिकाणी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, इलेक्ट्रिक गिटार हे सगळं एकदम समोर वाजलं की काय होत असेल! ते गाणं कुणी लिहिलं हा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणाच्याही मनात नव्हता. आणि वादक घडले तेही तिथेच. रोरी गॅलाघर शाळकरी वयात फोंटाना शोबँडमध्ये होता, व्हॅन मॉरिसन मोनार्क्समध्ये. रोज रात्री चार-पाच तास लोकांना नाचतं ठेवायचं, ही साधी तालीम नाही. त्याला नकलाकारी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पडझडीबद्दल : माझ्या मते बीट ग्रुपपेक्षा मोठा घाव दारूच्या परवान्याचा. हॉटेलं आणि लाउंज बार नाचाचे कार्यक्रम करायला लागले आणि तिथे ग्लास हातात घेऊन बसता येत होतं. मिनरल बारवाल्या हॉलला कोण जाणार? मग डिस्को आले. एक माणूस, दोन टर्नटेबल. हॉलवाल्याला सात-आठ जणांचा बँड, त्यांची गाडी, त्यांचा वाटा हे सगळं परवडेना. रॉयलवाले तोवर वर्षातले कितीतरी महिने लास व्हेगासमध्ये वाजवत होते, म्हणजे घरच्या हॉलांतून ते आधीच थोडे सुटले होते. १९७१मध्ये बॉयर आणि डन्फी बाहेर पडले, त्यांनी 'बिग एट' काढला, आणि ते दोघे गेल्यावर रॉयल फार टिकला नाही. जुलै १९७५मध्ये डन्फी रस्त्यावरच्या अपघातात गेला. बॉयर मे २०२०मध्ये लास व्हेगासला वारला, ८१ वर्षांचा होऊन.

खडीसाखर

पाऊसपाणी ताई, आज्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगते. माझ्या शेजारच्या आजी लीट्रिमच्या, त्यांच्याकडून तासन्‌तास ऐकलंय.

हॉलमध्ये एका भिंतीला बायका आणि समोरच्या भिंतीला पुरुष. बँडने 'नेक्स्ट डान्स, प्लीज' म्हटलं की पुरुषांची लाट मधली फरशी ओलांडून यायची. एका सेटला तीन गाणी. पहिल्या गाण्यातच कळायचं की या माणसाला नाचता येत नाही किंवा त्याला गोठ्याचा वास येतोय, तरी तिन्ही गाणी निभवायची. नाही म्हणायचीही पंचाईत, कारण एकाला नाही म्हटलं तर त्या सेटला दुसऱ्याबरोबर उभं राहणं वाईट दिसायचं. आणि कुणीच विचारलं नाही तर? भिंतीला टेकून, पर्स दोन्ही हातांत धरून, बँडकडे बघत राहायचं. आजी म्हणाल्या, 'बँड इतका नीट पाहिला तो आम्हीच.' या रात्रींमध्ये लग्नं जुळली आणि काहींची कधीच जुळली नाहीत. तेव्हा 'तुमचं लग्न डान्सहॉलमध्ये जुळलं का?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. जिला सांगायचं असेल ती सांगेलच.

कपड्यांबद्दल मात्र बेलाशक विचारा. फ्रॉक कुणी शिवला, बूट कुठले, केस कसे बसवायचात. कडेट्स बँडची आयलीन रीड तिच्या उंच केशरचनेसाठी प्रसिद्ध होती. तिचं नाव घेतलंत की अर्ध्या आज्या डोक्यावर हात नेऊन दाखवतील.

पाऊसपाणी

किती मनापासून लिहिलंयत सगळ्यांनी! खडीसाखर ताई, लग्नाचा प्रश्न मी नक्की विचारला असता, बरं झालं सांगितलंत.

एक शंका. सावनीने मायामीचं नाव घेतलं. आमच्याकडे एक आजोबा न्यूरीजवळचे आहेत. मायामीचं गाणं लावू की नको? काहीतरी भयंकर घडलं होतं एवढंच कानावर आहे.

तिठा

विचारलंत ते योग्य केलंत. ३१ जुलै १९७५च्या पहाटे मायामी शोबँड उत्तर आयर्लंडमधल्या बॅनब्रिजचा कार्यक्रम आटपून डब्लिनला परतत होता. न्यूरीच्या अलीकडे लष्करी गणवेशातल्या लोकांनी नाक्यावर गाडी थांबवली. नाका खोटा होता. ती यूव्हीएफ या निष्ठावादी (उत्तर आयर्लंड ब्रिटनकडेच राहावं असं मानणाऱ्या) सशस्त्र संघटनेची टोळी होती आणि तिच्यातले काही जण ब्रिटिश लष्कराच्या स्थानिक रेजिमेंटमध्ये नोकरीला होते. वादकांना रस्त्याकडेला उभं करून गाडीत बॉम्ब ठेवत असताना तो हातातच फुटला, त्यात टोळीतले दोघे मेले. बाकीच्यांनी वादकांवर गोळ्या झाडल्या. गायक फ्रॅन ओ'टूल, गिटारवादक टोनी गेराटी आणि ट्रम्पेटवादक ब्रायन मॅकॉय जागीच गेले. स्टीफन ट्रॅव्हर्स आणि डेस ली वाचले. बॅंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही होते, आणि श्रोत्यांतही. म्हणून ही घटना लोकांना इतकी लागली. त्यानंतर दक्षिणेकडचे बँड बराच काळ उत्तरेला जायला धजावत नव्हते, आणि आधीच डळमळलेल्या धंद्याला तो मोठा हादरा होता. डब्लिनला पार्नेल स्क्वेअरमध्ये त्यांचं स्मारक आहे. नेटफ्लिक्सवर २०१९चा माहितीपटही आहे. तो तुम्ही स्वतः पाहा, तिथे लावू नका.

डिकी रॉकची गाणी लावायला हरकत नाही, तो त्याआधीच मायामी सोडून गेला होता. पण न्यूरीच्या आजोबांना आदल्या दिवशी एकट्याने विचारा. नको म्हणाले तर यादीतून काढा.

सावनी_के

क्रम असा ठेवा : तीन-तीन गाण्यांचे सेट. एक जलद सेट, एक संथ सेट, मधे थांबा. थांब्यात चहा आणि लेमोनेड एका टेबलावर मांडून वर 'मिनरल बार' अशी पाटी. हकलबक दुसऱ्या सेटमध्ये, पहिल्यात नको. लोकांना जरा तापू दे. आवाज मोठा नको, श्रवणयंत्रांत ट्रम्पेट फार टोचतो. स्पीकर खोलीच्या एका टोकाला ठेवण्यापेक्षा दोन छोटे दोन बाजूंना ठेवा.

गजर

तिठा, माझं मत अगदी बदललं नाही, पण रोज चार-पाच तास नाचतं ठेवण्याचा मुद्दा मान्य. पाऊसपाणी, शक्य असेल तर एखादा खराखुरा ट्रम्पेटवाला बोलवा. वॉटरफर्डला ब्रास बँडची जुनी परंपरा आहे, कुणीतरी तयार होईल. दोन गाणी पुरेत.

पाऊसपाणी

हे सुचलंच नव्हतं! उद्याच चौकशी करते. सेट चार ठेवतेय. शेवटचा कोणता ठेवू, संथ का?

खडीसाखर

शेवटचा 'लेडीज चॉइस' ठेवा. बायका उठून पुरुषांना विचारणार. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्या व्हीलचेअर तुम्ही नर्सेसनी फिरवा, आधी ब्रेक तपासून. आणि तुमच्याकडे पुरुष नेहमीप्रमाणे कमी असतील, तर स्वयंपाकघरातल्या आणि रात्रपाळीच्या मुलांना आधीच सांगून ठेवा, की त्या वेळी खोलीत हजर राहायचं आणि कुणी विचारलं तर नाही म्हणायचं नाही.