मदत हवी आहे: मानपत्रासाठी बोरूच्या वळणाचा देवनागरी फॉन्ट

आमच्या शाळेतील एका ज्येष्ठ शिक्षिकेच्या सेवानिवृत्तीनिमित्त माजी विद्यार्थ्यांच्या वतीने मानपत्र द्यायचे ठरले असून त्याची मांडणी माझ्याकडे आली आहे. मजकूर हातकागदावर छापायचा आहे, तर शीर्षक आणि बाईंचे नाव सागवानी फळीवर लेसरने कोरायचे आहे. बाईंनी आम्हांला बोरूने कित्ता गिरवायला लावले होते. त्यामुळे मानपत्राचे अक्षरही त्याच घडणीचे असावे, तिरक्या कापलेल्या टोकातून उतरणारी जाड-बारीक रेषा, ऐसपैस वेलांटी आणि निमुळता होत जाणारा उकार त्यात दिसावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मोफत फॉन्टांपैकी ‘कलम’ हा फॉन्ट वाचायला सुखद आहे, पण त्याचे अक्षर रोजच्या वहीतले वाटते. यात्रा वन मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला असल्याने त्याचा ठसठशीतपणा मानपत्राला मानवत नाही. गोटू आणि तिल्लाना मला अधिक जवळचे वाटले, तरी बोरूचा डौल त्यांत पुरेसा उतरलेला नाही. हेर्मान झाफ यांच्या झाफिनो (१९९८) या रोमन फॉन्टात एकाच अक्षराची अनेक रूपे दिलेली आहेत, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा आले तरी छापील वाटत नाही. देवनागरीत अशी पर्यायी रूपे देणारा एखादा फॉन्ट आहे का?

फॉन्ट कितीही देखणा असला, तरी तो मराठीला पुरा पडला पाहिजे. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयातील पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणाची रूपे मला हवी आहेत. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली की काही फॉन्ट ही रूपे आपोआप घेतात, काही मात्र हिंदी वळणच दाखवतात. ‘शिकवणाऱ्या’ या शब्दातला अर्धा र नीट जुळला पाहिजे. ‘विद्यार्थ्यांच्या’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच कान्याच्या डोक्यावर येतात, तेथे दोहोंची गर्दी होता कामा नये. ‘कृतज्ञता’ तर मानपत्रात दोनतीनदा येणारच, तेव्हा त्यातले कृ आणि ज्ञ हेही देखणे हवेत.

कोरीव कामाची अडचण वेगळी आहे. अक्षरांचे बाह्यरेषेत रूपांतर केले की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते आणि लेसर त्या सांध्यावर दुहेरी रेघ ओढतो. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार एकत्र जोडणारी ‘युनियन’ ही आज्ञा वापरून मी अक्षरे एकजीव करून पाहिली, पण कोठे कोठे बारीक फट राहते. ती बुजवण्याची खात्रीची रीत जाणकारांनी सांगावी.

शीर्षक एखाद्या सुलेखनकाराकडून हातानेच लिहून घ्यावे आणि फॉन्ट केवळ मजकुरासाठी वापरावा, असाही विचार मनात येतो. मग दोन्ही अक्षरवळणे एका पानावर नांदतील असा कोणता फॉन्ट निवडावा? सशुल्क फॉन्ट चालेल, मात्र त्याच्या परवान्यात लाकडावर कोरण्याची मुभा आहे की नाही, हेही कृपया कळवावे.