नव्या फ्लॅटची खरेदी एका शनिवारात: पेठेतून काय आणावं?

रिकामी_खोली:
पिंपरीत वन बीएचके भाड्याने घेतलाय, दहाव्या मजल्यावर. पंखे, ट्यूब, गीझर मालकाचे. बाकी काही नाही. पडदे, वॉशिंग मशीनची जोडणी, कपडे वाळत घालायची सोय, भांडी, झाडू-बादल्या सगळंच घ्यायचंय. गाडी नाही, म्हणून मेट्रोने पुण्यात मंडईला उतरून एका शनिवारात उरकायचा विचार आहे. कुठून सुरुवात करू? आणि निघण्याआधी काय काय मोजून ठेवू?

मोजपट्टी:
मंडई स्टेशनवरून तपकीर गल्ली, बोहरी आळी, तुळशीबाग सगळं चालत होतं. आधी तपकीर गल्ली (बल्ब, बोर्ड, वायर), मग बोहरी आळी (नळाचं सामान, स्क्रू, कड्या) आणि शेवटी तुळशीबागेत भांडी. भांडी आधी घेतलीत तर तेच ओझं घेऊन गर्दीत फिरावं लागेल. पडद्याचे रॉड, बादल्या, खराटा मात्र पिंपरीतच घ्या. सहा फुटी रॉड घेऊन मेट्रोत चढायचं काही कारण नाही, हार्डवेअरवाला मापाने कापूनही देतो.

पडद्याचं माप: रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त हवा, नाहीतर कडेने ऊन येतं. म्हणजे ५ फुटी खिडकीला ६ फुटी रॉड. चुण्या नीट पडायला कापडाची रुंदी रॉडच्या दुप्पट लागते. तयार पडदा साधारण ४ फूट रुंद असतो, तेव्हा तीन पडदे. लांबी तयार मिळते ती ५, ७ आणि ९ फूट. तुमची उंची रॉडपासून खाली मोजा, खिडकीच्या चौकटीपासून नाही. कापड जाड असेल तर ६ फुटाला मधला ब्रॅकेटही (भिंतीतला आधार) घ्या, नाहीतर रॉड वाकतो.

अर्धा_इंच:
वॉशिंग मशीनसाठी भिंतीतला पॉइंट अर्धा इंची, पण मशीनच्या पाइपचं नट पाऊण इंची. साधा नळ आणलात तर पाइप बसणारच नाही. दुकानात 'वॉशिंग मशीनचा नळ' असंच सांगा, त्याच्या तोंडाला पाऊण इंची आटे असतात.

पॉइंट टाइलच्या आत खोल गेलेला असेल तर एक्स्टेंशन निपल (आट्यांचा छोटा जोडतुकडा) लागतो. आटे टाइलपासून किती आत आहेत ते पेन घालून मोजा आणि आकडा लिहून न्या. नळाच्या भिंतीत जाणाऱ्या आट्यांवर टेफ्लॉन टेप (गळती रोखणारी पट्टी) नळ आवळायच्या दिशेनेच गुंडाळा, दहा-पंधरा वेढे. उलटा गुंडाळला तर आवळताना सुटत जातो. आणि पान्याने जोर लावू नका. भिंतीतला जोड तडकला की गळती आतल्या आत राहते, ओल आधी खालच्या फ्लॅटच्या छताला दिसते.

फ्रंट लोड असेल तर सांडपाण्याच्या पाइपचा वळसा जमिनीपासून दोन-तीन फूट उंच ठेवा. खाली पडू दिला की पाणी भरतानाच वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं.

रिकामी_खोली:
खूप उपयोगी. भिंत काँक्रीटची की हलक्या ब्लॉकची हे कसं कळेल? स्क्रूसाठी भोकात ठोकायची गिट्टी त्यावरच ठरणार ना?

ड्रिलवाला:
हो. हॅमर (ड्रिलचा ठोके देणारा मोड) बंद ठेवून ड्रिल लावा. बिट सहज आत गेला आणि मऊ भुकटी पडली तर ब्लॉक. जागचं हलत नसेल तर काँक्रीट. तिथे हॅमर चालू करा, ६ मिमीचा बिट वापरा. मध्येच अडकला तर सळई लागलीय, इंचभर सरका. मायवान पद्धतीच्या (भिंती आणि स्लॅब साच्यात एकत्र ओतलेल्या) इमारतीत सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात.

ब्लॉकमध्ये आखूड गिट्टी भोकातच फिरते. ८ मिमीची लांब नायलॉन गिट्टी घ्या, हॅमर अजिबात नको. खिडकीवर मात्र बहुतेक वेळा काँक्रीटची लिंटेल (आडवी तुळई) असते, चौकटीच्या चार इंच वर ब्रॅकेट घेतलात तर पक्का बसतो.

छताला टांगायच्या कपड्यांच्या हँगरबाबत जपून. दिव्या-पंख्याच्या वायरींचे पाइप स्लॅबमधूनच जातात. पंख्याच्या खोक्यापासून स्विचबोर्डाच्या भिंतीपर्यंतच्या रेषेत भोक पाडू नका. भिंतीवरही स्विच आणि नळ यांच्या सरळ वर-खाली नको. आणि भोकं पाडण्याआधी मालकाचा होकार लेखी घ्या, डिपॉझिटचा प्रश्न आहे.

ओटा:
भांड्यांचं राहिलंच. इंडक्शन घेणार असाल तर लोहचुंबक खिशात ठेवा. बुडाला चिकटलं नाही तर ते भांडं चालणार नाही, मग ते कितीही जाड असो. चुंबकावरून स्टीलची प्रत मात्र ठरवू नका. ३०४ ग्रेडच्या चांगल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, तसंच स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही सहसा चिकटत नाही.

इंडक्शन २००० वॉटचा म्हणजे जवळपास ९ अँपिअर. तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. तपकीर गल्लीत मिळणारे साधे एक्स्टेंशन बोर्ड ६ अँपिअरचे असतात, ते तापून वितळतात.

गॅसची शेगडी लगेच घेऊ नका. इमारतीत पाइपचा गॅस आहे का ते आधी विचारा. सिलिंडरच्या शेगडीचं नोझल बारीक असतं, पाइपच्या गॅसवर ज्योत मंद येते. नोझल गॅस कंपनीच्याच माणसाकडून बदलून घ्यावं, घरी भोक मोठं करू नये. सिलिंडरच असेल तर नारिंगी सुरक्षा नळी दीड मीटरपर्यंतचीच घ्या, तिच्यावरचं उत्पादनाचं वर्ष वाचा आणि पाच वर्षांनी बदला.